क्यूबातून आलेली कुटुंबं, हाताबाहेर गेलेली मुलं आणि होसे सापोच्निक यांचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कौटुंबिक समुपदेशनाचं काम मराठीतून करते. परदेशात राहणारे आईवडील बोलायला लागले की दहा-पंधरा मिनिटांत एक वाक्य हमखास येतं : "मूल आमचंच आहे, पण आमच्यातलं राहिलं नाही." हे ऐकलं की मला मायामीतल्या एका मानसशास्त्रज्ञाचं काम आठवतं आणि मी ते सांगते. मग प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येत असल्यामुळे इथे एकत्र लिहिले आहेत.

हे सापोच्निक कोण?

होसे सापोच्निक मूळचे क्यूबाचे. मायामी विद्यापीठात त्यांनी सगळी हयात काढली. १९७०च्या दशकात त्या विद्यापीठात स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांसाठी एक मार्गदर्शन केंद्र उभं राहिलं. पुढे त्याचंच 'सेंटर फॉर फॅमिली स्टडीज' झालं. विल्यम कर्टिनेस, डॅनियल सांतिस्तेबान, हिल्डा पांतिन, ओल्गा हर्विस, सेथ श्वार्ट्झ असे अनेकजण त्यांच्याबरोबर राबले. मी सोयीसाठी 'सापोच्निक यांचं संशोधन' म्हणते, पण ते एकट्याचं काम नाही.

मायामीच का?

कारण तिथे माणसांचा लोंढा आला होता. १९५९ साली क्यूबात क्रांती झाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबं समुद्र ओलांडून फ्लोरिडात यायला लागली. १९६० ते १९६२ या काळात चौदा हजारांहून जास्त मुलं आईवडिलांशिवाय, एकेकटी विमानात बसवून पाठवली गेली. 'ऑपरेशन पेद्रो पान' म्हणतात ते हेच. काहींचे आईवडील थोड्या महिन्यांत येऊन पोचले, काहींना वर्षं लागली. पुढे १९८० साली क्यूबातल्या मारिएल बंदरातून होड्या सुटल्या आणि काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख माणसं आली.

शहराने या पाहुण्यांचं स्वागत कसं केलं, तेही ध्यानात घ्यायला हवं. १९७३ मध्ये तिथल्या डेड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) स्वतःला द्विभाषिक जाहीर केलं. १९८० मध्ये त्याच काउंटीच्या मतदारांनी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवर सरकारी पैसा खर्च करायचा नाही, असा कायदा केला. तो १९९३ पर्यंत टिकला. म्हणजे घरात आई स्पॅनिश सोडू नकोस म्हणतेय आणि बाहेर गाव मतदान करून सांगतंय की ती भाषा आम्हाला नको. यांच्या मध्ये चौदा वर्षांचा पोरगा.

'संस्कृतिसंक्रमण' म्हणजे नक्की काय?

एका संस्कृतीतली माणसं दुसऱ्या संस्कृतीच्या सतत सहवासात आली की त्यांच्या बोलण्यात, खाण्यापिण्यात, वागण्यात, विचारांत जे बदल होतात, ते संस्कृतिसंक्रमण. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी जातिव्यवस्थेच्या संदर्भात मांडलेलं 'संस्कृतीकरण' (खालच्या मानलेल्या जातीने वरच्या जातीच्या रीती उचलणं) वेगळं. दोन्ही शब्द जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे विद्यार्थ्यांचा परीक्षेत हमखास घोटाळा होतो.

मुलं पटकन बदलतात आणि मोठी माणसं हळू. हे सांगायला संशोधन कशाला लागतं?

मलाही आधी तसंच वाटलं होतं.

सापोच्निक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मोजमाप मांडलं. नव्या देशात किती काळ गेला, यावर माणूस किती बदलतो हे ठरतं, पण बदलाचा वेग वयावर आणि स्त्री-पुरुष असण्यावरही अवलंबून असतो. दुसरं, त्यांनी वागणं आणि मूल्यं वेगवेगळी मोजली. भाषा, गाणी, मित्र, कपडे, टीव्ही ही एक पट्टी. घरात कोणाचं चालावं, वडीलधाऱ्यांशी कसं असावं, आज महत्त्वाचं की उद्या, ही दुसरी. या दोन्ही पट्ट्या बरोबरीने सरकत नाहीत.

खरी गोम अशी की मुलगा आणि बाप एकाच दिवशी एकाच विमानातून उतरलेले असतात, आणि पाच वर्षांनी त्यांच्यात एका पिढीऐवजी दोन पिढ्यांचं अंतर पडलेलं असतं. वयाचं अंतर सगळ्याच घरांत असतं. इथे त्यावर संस्कृतीचं अंतर चढतं. मुलगा स्वातंत्र्य मागतो, ते त्या वयात कुठलंही मूल मागतं. बापाला त्यात अमेरिका दिसते. बाप शिस्त लावतो, ती कुठलाही बाप लावतो. मुलाला त्यात क्यूबा दिसतो. दोघं जितकं ताणतात तितके एकमेकांपासून लांब जातात. बाप जास्त क्यूबन होतो, मुलगा जास्त अमेरिकन.

तेरा वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. आईला इंग्रजी येत नाही. शाळेतून पत्र आलंय. मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून ते स्पॅनिशमध्ये वाचून दाखवतेय, आणि आई हात पुसत ऐकतेय. गैरहजेरीचा परिच्छेद येतो तेव्हा मुलीचा आवाज जराही हलत नाही, ती सरळ खालच्या ओळीवर जाते. आई म्हणते, "छान." त्या घरात आता कोणाच्या हातात काय आहे? आईचं आईपण मुलीच्या भाषांतरावर चाललंय. मुलगी खोटारडी आहे, असं मला म्हणायचं नाही. तिच्यावर तिच्या वयाला न पेलणारं ओझं आलंय. ते तिने मागितलेलं नव्हतं.

म्हणजे मुलांना अमेरिकन होऊ द्यावं, की घरचं धरून ठेवायला लावावं?

प्रश्न असा घातला की उत्तर चुकणारच. १९८० साली सापोच्निक, कर्टिनेस आणि फर्नांडिस यांनी क्यूबन-अमेरिकन मुलांबद्दल मांडलं ते असं : दोन संस्कृती शेजारी शेजारी नांदतात अशा समाजात जी मुलं दोन्हीकडे वावरू शकतात, ती जास्त सुखात असतात. नुसतं अमेरिकन झालेलं मूल घराशी तुटतं आणि नुसतं क्यूबन राहिलेलं शाळेत, रस्त्यावर अडतं.

त्याआधी बहुतेकांच्या डोक्यात एकच रेघ होती. एका टोकाला जुनी संस्कृती, दुसऱ्या टोकाला नवी, आणि एकीकडे सरकलं की दुसरी तेवढी सुटली. सापोच्निकनी दोन रेघा काढल्या. कॅनडातले जॉन बेरी यांनीही आपल्या पद्धतीने हेच केलं : दोन्ही धरणं, नवं धरून जुनं सोडणं, जुनं धरून नव्यापासून लांब राहणं, आणि दोन्हीकडून सुटणं. यातलं शेवटचं सगळ्यांत वाईट.

आणि हे फक्त मुलांनी करायचं नाही. आईवडिलांनीही दुसरा पाय बाहेर टाकायचा आहे. मुलाच्या मित्रांची नावं नीट उच्चारता येणं, शाळेत पालकसभेला जाऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक प्रश्न विचारणं, एवढ्यानेही मुलाच्या मनातली आईवडिलांची जागा हलते. हा भाग माझ्याकडे येणारे पालक ऐकून सोडून देतात, म्हणून मी मुद्दाम पुन्हा पुन्हा बोलते.

यात थेरपी कुठून आली?

मूल्यांच्या अभ्यासातून, आणि ही मला या कामातली सगळ्यांत प्रामाणिक पायरी वाटते. केंद्रात आलेल्या क्यूबन कुटुंबांना काय मानवतं, हे आधी पाहिलं गेलं. नात्यांमध्ये मान-मरातब, वडीलधाऱ्यांचा शब्द आणि आजचा प्रश्न आज सुटावा ही अपेक्षा, असं चित्र दिसलं. अशा माणसाला कोचावर झोपवून 'तुमचं बालपण सांगा' म्हटलं तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. त्याला समोरच्याने जरा ठामपणे सूत्रं हातात घेतलेली हवी असतात आणि कुटुंब सोडून एकट्याचा विचार त्याला पटत नाही.

मग या स्वभावाला जुळेल अशी पद्धत शोधली. मूळचे अर्जेंटिनाचे साल्वादोर मिनुचिन यांनी फिलाडेल्फियात घडवलेली संरचनात्मक कुटुंबचिकित्सा (घरातल्या नात्यांची घडी बदलणारी) आणि अमेरिकेतल्या जे हेली यांची डावपेचांची पद्धत (समोरच्या प्रश्नावर नेमकी युक्ती योजणारी) यांचा मेळ घातला गेला. त्यातून हाताबाहेर गेलेल्या, नशेकडे वळलेल्या मुलांच्या घरांसाठी 'ब्रीफ स्ट्रॅटेजिक फॅमिली थेरपी' तयार झाली. साधारण बारा ते सोळा बैठका, आठवड्यातून एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संस्थेने तिची पुस्तिका २००३ मध्ये काढली.

आधी माणसं पाहिली, मग औषध ठरवलं. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं, पुस्तक आधी येतं.

बैठकीत प्रत्यक्ष काय होतं?

कुटुंब खोलीत शिरतं. पहिलं काम त्यांच्यात सामील होण्याचं. घरात मान ज्याचा आहे त्याला आधी नमस्कार, आधी बोलणं. थेरपिस्टने पहिल्याच दिवशी मुलाची बाजू घेतली तर बाप मनातून उठून गेलेला असतो.

मग आई सांगायला लागते. थेरपिस्टकडे बघून, मुलाचं नाव न घेता : "हा रात्री दोन वाजता येतो, हा अमुक करतो, हा तमुक करतो." मुलगा टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला. बाप घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करतोय. थेरपिस्ट ऐकत राहण्याऐवजी म्हणतो, "हे मला नका सांगू, त्याला सांगा." तो स्वतःची खुर्ची थोडी मागे घेतो आणि आईची खुर्ची मुलासमोर वळवतो. आता जे होतं ते या घरात रोज रात्री होतं तेच. आई वाक्य सुरू करते, मुलगा पुटपुटतो, बाप तोंड घालतो आणि विषय मुलावरून नवराबायकोच्या जुन्या भांडणावर घसरतो. तीन मिनिटांत थेरपिस्टला जे दिसतं ते तासभर चौकशी करून कळलं नसतं. आईवडिलांचं आपापसात जमत नाही आणि ते न जमणं मुलाच्या वागण्यामागे लपतं.

मग तो रागाला दुसरं नाव देतो. "दोन वाजेपर्यंत तुम्ही जाग्या होतात? किती घाबरला असाल." मुलगा टोपी जराशी वर करतो. आई रागावते एवढंच त्याला ठाऊक होतं, घाबरते हे माहीत नव्हतं. इथून पुढचं काम म्हणजे घडी बदलणं : आईवडिलांनी आधी एकमेकांत ठरवायचं, मग मुलाशी बोलायचं, आणि एका वेळी एकच भांडण मिटवायचं.

इतिहास उकरणं जवळजवळ नाही. माणसं काय बोलतात यापेक्षा कोण कोणाशी, कधी, कोणाच्या मध्ये पडून बोलतो, याकडे लक्ष असतं.

संस्कृतीमुळे भांडण होतंय, हे घरच्यांना सांगून काय होतं?

बरंच काही. १९८०च्या दशकात या गटाने 'बायकल्चरल इफेक्टिव्हनेस ट्रेनिंग' नावाचं शिकवणीवजा प्रशिक्षण तयार केलं. नेहमी घरात एक 'रोगी' ठरलेला असतो. घर म्हणतं, हा बिघडलाय. इथे त्या जागी संस्कृतींमधल्या संघर्षालाच बसवलं. मुलगा आणि बाप समोरासमोर उभे होते, ते शेजारी शेजारी बसून त्या तिसऱ्या गोष्टीकडे बघायला लागले. मग मुलाने आईवडिलांच्या संस्कृतीतलं चांगलं शोधायचं, आईवडिलांनी मुलाच्या.

हे माझ्या सर्वांत कामी आलं आहे. दोष कोणाला द्यायचा, ही चढाओढ थांबली की माणसांना ऐकू यायला लागतं.

"आमचे हे येणार नाहीत." मग?

हा प्रश्न मला पुणे-नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत सगळीकडून येतो. मायामीतही हाच होता. फोन येतो तो बहुधा आईचा, आणि ती पहिल्या वाक्यात सांगते की मुलगा यायचा नाही, नवरा त्याहून नाही.

नेहमीची रीत अशी की केंद्र म्हणतं, "सगळ्यांना घेऊन या, मग बघू." सापोच्निक आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, कुटुंब न येणं हाही त्या कुटुंबाच्या दुखण्याचाच भाग आहे, तर उपचार पहिल्या फोनपासूनच सुरू करा. घरात मुलाचंच राज्य असेल तर आधी मुलाला भेटा, त्याच्या जागेवर, त्याच्या अटींवर, त्याला यातून काय मिळेल ते सांगून. आईच 'तो येणार नाही' म्हणत वाट अडवत असेल तर तिच्या परवानगीने नवऱ्याशी थेट बोला. बाप घरापासून अलग पडला असेल तर आईला त्याच्याजवळ जायला मदत करा. आणि काही घरांत गुपित असतं, ते उघडं पडेल ही भीती असते. तिथे आधी शब्द द्यावा लागतो की तुम्हाला नको त्या विषयात आम्ही शिरणार नाही.

१९८८ साली निकाल छापून आला. अमली पदार्थांच्या नादी लागलेल्या किंवा तसा संशय असलेल्या मुलांची १०८ हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेली, कुटुंबं घेतली. नेहमीच्या पद्धतीने बोलावलेल्यांपैकी ४२ टक्के आली. या पद्धतीने बोलावलेल्यांपैकी ९३ टक्के आली. उपचार शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेलं.

'कुटुंब सहकार्य करत नाही' असा शेरा फाइलवर मारून मोकळं होणं किती सोपं असतं, ते मला स्वतःच्या सुरुवातीच्या वर्षांवरून माहीत आहे. हा आकडा वाचल्यापासून तो शेरा मी लिहिलेला नाही.

आणि शेवटपर्यंत मी एकटीच येत राहिले तर?

तरी चालेल. १९८३ मध्ये याच गटाने दाखवलं की एकाच माणसाबरोबर काम करूनही अख्ख्या कुटुंबाची घडी बदलता येते, आणि परिणाम सगळे बसले असते तर मिळाला असता त्याच्या तोडीचा असू शकतो. नाचताना एकाने पाऊल बदललं की जोडीदाराला बदलावंच लागतं. फुगडीत हात धरलेल्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

त्यापेक्षा मुलालाच एकट्याला चांगल्या डॉक्टरकडे पाठवलं तर?

पाठवता येईल आणि मुलाला बरंही वाटेल. पण १९८९ सालचा अभ्यास वाचून मग ठरवा. सहा ते बारा वर्षांची, त्रासदायक वागणारी ६९ हिस्पॅनिक मुलं. काहींना कुटुंबासह थेरपी, काहींना एकट्याने मनोविश्लेषणाच्या अंगाने थेरपी आणि काहींना नुसते खेळ-करमणुकीचे तास. तिसऱ्या गटातली बरीच मुलं मध्येच सोडून गेली. पहिल्या दोन गटांतल्या मुलांचं वागणं सुधारलं, जवळपास सारखंच.

वर्षभराने घरं तपासली. कुटुंबासह थेरपी झालेल्या घरांचं बरं चाललं होतं. एकट्या मुलावर उपचार झालेल्या घरांचं आपसातलं वागणं आधीपेक्षा खालावलं होतं. मुलगा सुधारला आणि घर बिघडलं. सगळा ताण एका मुलाच्या खांद्यावर लटकवलेला असतो, तो खांदा काढून घेतला की ताण दुसरीकडे जातो.

म्हणजे ही पद्धत शंभर टक्के सिद्ध झाली आहे?

नाही. २००३ मध्ये सांतिस्तेबान आणि सहकाऱ्यांनी १२६ हिस्पॅनिक किशोरवयीनांवर केलेल्या चाचणीत मुलांचं वागणं आणि गांजा ओढणं, दोन्हींत गटचिकित्सेपेक्षा चांगला निकाल आला. पण २०११ मध्ये आठ ठिकाणच्या साध्या सामुदायिक दवाखान्यांत ४८० मुलांवर मोठी चाचणी झाली, त्यात हिस्पॅनिकांबरोबर कृष्णवर्णीय आणि गोरी मुलंही होती. कुटुंबं येण्यात आणि टिकण्यात ही पद्धत सरस ठरली. अमली पदार्थांच्या वापरात मात्र नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ठसठशीत फरक दिसला नाही. थेरपिस्टांनी पद्धत जितकी नेटाने पाळली तितका निकाल बरा, हेही त्याच चाचणीतून पुढे आलं, आणि सगळ्यांनी ती नेटाने पाळली नव्हती. तीन ते सात वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा या पद्धतीतल्या मुलांच्या वाट्याला अटक आणि तुरुंग कमी आले होते.

माझं मत विचाराल तर कुटुंबाला उंबऱ्याच्या आत आणण्याची त्यांची पद्धत हा या कामाचा सर्वांत भक्कम भाग आहे.

हिस्पॅनिक म्हणजे सगळे एकच का?

मुळीच नाही. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हटलं. मेक्सिकन शेतमजूर, पोर्तो रिकोतले जन्मजात अमेरिकन नागरिक, एल साल्वादोर देशातून पळून आलेले आणि मायामीतले क्यूबन हे सगळे त्यात येतात. सुरुवातीचा बराचसा अभ्यास क्यूबन घरांवर झालेला आहे, हे विसरू नये. नंतर याच केंद्रातून हिल्डा पांतिन आणि गियेर्मो प्रादो यांनी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पालकांनाही घेऊन 'फामिलियास उनिदास' हा, मुलं नशेसारख्या गोष्टींकडे वळण्याआधीच त्यांना सावरण्याचा, कार्यक्रम उभा केला.

आमच्या मराठी घरांना हे लागू पडतं का?

जसंच्या तसं उचलू नका. क्यूबन कुटुंबं देश गमावून आली होती. आपली बहुतेक घरं शिक्षणाने, नोकरीने, परतीचं तिकीट खिशात ठेवून गेली. आईवडिलांना इंग्रजी येतं, त्यामुळे शाळेचं पत्र मुलीला वाचावं लागत नाही.

पण एक धागा जुळतो. अनेक लॅटिन अमेरिकी घरांत आईवडिलांना 'उस्तेद' (आदराचं 'तुम्ही') म्हणतात, मित्रांना 'तू'. आपल्याकडे आईला 'अगं' आणि बाबांना 'अहो' म्हणणारी घरं अजून आहेत. तिकडे वाढलेलं मूल एका 'यू'मध्ये सगळ्यांना बसवतं. मग तेच मूल मराठीत बाबांना "तू काय करतोस?" विचारतं आणि आजोबांचा घास हातात थांबतो. मुलाने कोणाचा अपमान केलेला नसतो. त्याच्या भाषेत ती पायरीच राहिलेली नसते. अशा वेळी "उद्धट झालाय" म्हणायच्या आधी वरचं संस्कृतींच्या संघर्षाबद्दलचं उत्तर पुन्हा वाचा. अमेरिकेतल्या मराठी शाळांत रविवारी जाणारी मुलं मुळाक्षरं शिकतात. 'अहो' मात्र घरात कोणी कोणाला म्हणताना ऐकलं, तरच येतं.

मुलाच्या जिवाला धोका वाटत असेल, नशा हाताबाहेर गेली असेल, तर यातलं काही वाचत न बसता आज डॉक्टरांना गाठा.

थेरपिस्टही त्याच समाजातला हवा का?

भाषा यायला हवी. जन्म तिथलाच हवा असं नाही, पण घरात मान कोणाचा हे ओळखता आलं पाहिजे.

आजी घरात राहते. तिलाही न्यायचं?

हो. क्यूबन घरांत आजी, 'आबुएला', बहुतेक वेळा मुलं सांभाळते, आणि घराच्या घडीत जो जो आहे तो तो बैठकीत हवा. आईने 'नाही' म्हटलेले पैसे संध्याकाळी आजी हळूच नातवाच्या खिशात सरकवत असेल, तर आई कितीही थेरपीला बसली तरी काय बदलणार? पण तिला आरोपी म्हणून बसवायचं नाही. थेरपिस्ट आधी तिलाच विचारतो, "या मुलाला तुम्ही वाढवलंत. लहानपणी तो कशाने शांत व्हायचा?" आजी सांगायला लागते. आई वळून तिच्याकडे बघते.